आहे तसं लिहून घेणं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आम्ही काय करतो’ या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत सुटलेला थोडा भाग लिहून देताना पुन्हा घातला आहे.)



संयोजकांनी दोन अटी घातल्या आहेत. वीस मिनिटांत संपवायचं आणि मराठीच्या बाईंना कळेल असं बोलायचं. पहिली अट सोपी आहे. दुसरीसाठी काल गाडीत बसून बरीच खाडाखोड केली. आपल्यात डॉक्टर आहेत, द्राक्षबाग करणारे आहेत, एक तलाठी आहे, दोघी शिक्षिका आहेत. त्यांना कोणी ‘म्हणजे तू नक्की काय करतेस?’ असं विचारत नाही. मला काल रात्री जेवताना चौघांनी विचारलं. म्हणून सगळं क्षेत्र समजावत बसत नाही. अलीकडे केलेलं एकच काम सांगते.

काम एका दूध संकलनाच्या यंत्रणेचं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, करारात बसत नाही. गावोगावची संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येणारी माणसं, काट्यावर वजन, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, हातात पावती आणि दर दहा दिवसांनी बिल. हे आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी चालतं, मी काय सांगणार! फक्त पावतीच्या पलीकडचं सांगते. पावती छापली जाते त्याच वेळी तो आकडा गावातून निघून मुंबईतल्या एका भाड्याच्या संगणकावर जाऊन बसतो. बिल तिथे तयार होतं. ही संगणकांची व्यवस्था काही वर्षांपूर्वी एका माणसानं एकट्यानं उभी केली, नीट चालवली आणि मग चांगली संधी आली म्हणून तो परदेशी गेला. यंत्रणा चालत राहिली. पण कोणता संगणक कशासाठी आहे, कोणतं दार कोणासाठी उघडं आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहून काढायला आम्हाला बोलावलं. अट एकच होती. एकाही वेळचं संकलन थांबता कामा नये. म्हैस काही आमच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही.

भाड्याचा संगणक म्हटलं ते अगदी शब्दशः. ॲमेझॉननं २००६ साली साठवणुकीची जागा आणि तासाच्या हिशेबानं संगणक भाड्यानं द्यायला सुरुवात केली. २०१६ साली त्यांचं मुंबईचं केंद्र सुरू झालं. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलही हाच धंदा करतात. सगळे याला क्लाउड म्हणतात, म्हणून ढगांची चित्रं काढतात. प्रत्यक्षात ते मोठमोठ्या इमारतींमधले, भरपूर वीज खाणारे संगणक असतात. आपण घरून वेबपानावर बटणं दाबायची. संगणक केवढा हवा, डिस्क केवढी, आत कोणाला सोडायचं, एवढं निवडलं की पाच मिनिटांत संगणक हजर. त्या पानाला आम्ही कन्सोल म्हणतो. सोय इतकी की वही काढायची कोणाला आठवण राहत नाही.

दुसरी पद्धत लिहिण्याची आहे. आम्हाला असा संगणक, अशी डिस्क, एवढ्याच लोकांना आत येण्याची परवानगी हवी आहे, असं साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचं आणि ती फाईल एका साधनाच्या हाती द्यायची. ते साधन क्लाउडशी बोलून सगळं उभं करतं. ॲमेझॉनचं स्वतःचं असं साधन २०११पासून आहे. आम्ही वापरतो ते टेराफॉर्म २०१४ साली आलं. या पद्धतीला ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ म्हणतात. फायदा उघड आहे. कोणी, कधी, का बदललं ते फायलींच्या इतिहासात राहतं. माणूस गेला तरी लिहिलेलं राहतं. उद्या सगळं पुन्हा उभं करायची वेळ आली, तर कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

बटणं दाबून उभ्या केलेल्या यंत्रणेला नाकं मुरडायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. मला ती आवडत नाही. त्या माणसाला तेव्हा पहिल्या वीस केंद्रांचं बिल वेळेवर काढायचं होतं, आणि ते त्यानं काढलं. अगोदर महिनाभर फायली लिहीत बसला असता तर संस्थेनं दुसरा माणूस बघितला असता. जगातल्या बऱ्याचशा चालत्या यंत्रणा अशाच जन्माला आल्या आहेत. आधी घर बांधलं, मग नकाशा काढला.

आता माझं काम. नव्यानं लिहिणं सोपं असतं. पण जे आधीच उभं आहे, त्यात आजही दुधाचे आकडे पडत आहेत, ते लिहिण्याच्या पद्धतीत कसं आणायचं? याला इम्पोर्ट म्हणतात. हे समजवायला मला आपल्या शाळेच्या कार्यालयातल्या जनरल रजिस्टरपेक्षा चांगली वस्तू सापडली नाही.

सर, तुमच्या कपाटातलं ते रजिस्टर आम्ही फक्त लांबून पाहिलंय. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा त्यात एक क्रमांक. वर्षाच्या मध्येच बदली झालेल्या कोणाची तरी मुलगी दुसऱ्या गावाहून येते. शाळा तिला जन्म देत नाही. ती आहेच, चांगली बारा वर्षांची. शाळा फक्त दाखला बघते आणि रजिस्टरमध्ये नोंद घेते, की ही मुलगी आणि हा क्रमांक. इम्पोर्ट म्हणजे एवढंच. क्लाउडमधल्या प्रत्येक वस्तूला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. तो देऊन साधनाला सांगायचं, की माझ्या फायलीत जिला मी ‘बिलाचा संगणक’ म्हणते, तो म्हणजे हा. साधन आपल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे स्टेट फायलीत, ती जोडी टिपून ठेवतं.

इथपर्यंत शाळेचं आणि आमचं रजिस्टर सारखं. पुढे मोठा फरक आहे, आणि माझ्या कामातली सगळी भीती त्या फरकात आहे. शाळेत दाखल्यावर मुलीची जन्मतारीख चुकली तर रजिस्टर चूक ठरतं. त्रास होतो, प्रतिज्ञापत्र करावं लागतं, पण मुलीचं वय बदलत नाही. आमच्याकडे उलट आहे. फायलीत लिहिलेलं तेच खरं असं साधन मानतं आणि प्रत्यक्ष वस्तू ओढूनताणून लिहिल्यासारखी करतं. समजा मुलीची उंची साडेचार फूट आहे आणि तुम्ही चार लिहिली, तर ते सहा इंच कापायला निघतं. कापता येत नसेल, तर ही मुलगी काढून टाकून चार फुटांची दुसरी आणायचा प्रस्ताव ठेवतं. आणि अगदी शांतपणे, हिरव्या-तांबड्या अक्षरांत ठेवतं.

प्रस्ताव ठेवतं म्हणूनच आमची नोकरी चालते. प्रत्यक्ष हात लावण्याआधी ‘प्लॅन’ नावाची पायरी असते. फाईल, रजिस्टर आणि प्रत्यक्ष वस्तू असं तिन्ही ताडून साधन सांगतं, की एवढं नव्यानं बनवीन, एवढं बदलीन, एवढं नष्ट करीन. बाईंना २०११ सालच्या ऑक्टोबरमधली राज्यभरातली पटपडताळणी आठवत असेल. (सभागृहात हशा.) हो, तीच. रजिस्टरवर किती आणि बाकावर किती. आमचा प्लॅन म्हणजे रोज होणारी पटपडताळणी आहे. चालत्या यंत्रणेची नोंद घेताना आमचं ध्येय असं, की या तपासणीत तफावत शून्य यावी. नवीन शून्य, बदल शून्य, नष्ट शून्य. ‘नो चेंजेस’ अशी ओळ पडद्यावर आली की त्या वस्तूचं काम झालं. कोणाला दाखवायला गेलं तर काहीच घडलेलं नसतं. व्यवस्थापकाला हे पटवून देणं फार अवघड जातं. तीन आठवड्यांनी मी त्यांना सांगितलं, की काहीही बदललेलं नाही, काम उत्तम चाललंय. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

टेराफॉर्ममध्ये ही इम्पोर्टची आज्ञा २०१६ साली आली. तेव्हा ती फक्त रजिस्टरमध्ये नोंद घ्यायची. वर्णनाची फाईल आपणच हातानं लिहायची, आणि प्लॅन शून्यावर येईपर्यंत घासत बसायचं. २०२३च्या जूनमधल्या १.५ आवृत्तीपासून कच्चा मसुदाही काढून मिळतो. क्रमांक द्या, साधन प्रत्यक्ष वस्तू वाचून फाईल लिहून देतं. ऐकणाऱ्याला वाटतं, मग तुझी गरज काय? मसुदा सरकारी अर्जासारखा असतो. सगळे रकाने भरलेले, लागू असलेले आणि नसलेलेही. काही रकाने एकमेकांच्या विरोधात. जिथे ‘बिलाच्या डेटाबेसचा संगणक’ असं नात्यानं लिहायला हवं तिथे सतरा अक्षरांचा आकडा चिकटवलेला. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड क्लाउड कोणालाच परत सांगत नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा येतो आणि मग साधन पासवर्ड बदलायचा प्रस्ताव ठेवतं! तिथे स्पष्ट लिहावं लागतं, की या रकान्याकडे बघू नकोस.

आमच्यासोबत एक तरुण मुलगा आहे, दोन वर्षांचा अनुभव, हात चलाख. त्यानं डेटाबेसचा मसुदा काढला आणि भारंभार रकाने बघून छाटणी केली. वाचायला सुटसुटीत फाईल झाली. छाटलेल्यात एक ओळ अशी होती, की या डेटाबेसची डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद आहे. ओळ नाही म्हणजे साधनाच्या लेखी कुलूप नको. पण डेटाबेस एकदा कुलूपबंद बनवला की ते कुलूप चालू अवस्थेत काढता येत नाही. मग साधनाला एकच मार्ग दिसतो. प्लॅनमध्ये ओळ आली, की एक नष्ट आणि एक नवीन. त्या ‘एक’मध्ये सगळ्या गावांचं, सगळ्या दिवसांचं दूध होतं.

काही झालं नाही. प्लॅन दोघांनी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम होता, आणि त्या मुलानंच ती ओळ पहिल्यांदा दाखवली. शिवाय पहिल्याच दिवशी आम्ही कन्सोलवरून डेटाबेसला ‘नष्ट करण्यास मनाई’चं बटण लावून ठेवलं होतं. फायलीतही तसंच लिहिता येतं, की हिला नष्ट करणारा कोणताही प्रस्ताव नामंजूर समज. रोजचे बॅकअपही होते. पण बॅकअप परत आणायला काही तास जातात, आणि ते तास संध्याकाळच्या संकलनात आले तर केंद्रावर दोन-दोनशे माणसं किटल्या घेऊन उभी राहतात. संगणकातल्या ‘एक नष्ट’चा अर्थ त्या रांगेपाशी कळतो. त्या मुलाचं गाव मराठवाड्यात आहे, घरी चार म्हशी. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

या कामात एक मोह फार होतो. लिहिता लिहिता दुरुस्त करायचा. डिस्क गरजेपेक्षा मोठी आहे, करा लहान. नाव चुकीचं आहे, बदला. एक दार सगळ्या जगाला उघडं आहे, लावा. मी सांगून ठेवलं होतं, की आधी आहे तसं लिहा, वेडंवाकडं असेल तर वेडंवाकडं लिहा. प्लॅन शून्यावर आला की मग एकेक दुरुस्ती वेगळी करा. नाहीतर काही बिघडलं तर नोंद चुकली की दुरुस्ती चुकली, हे कळायला मार्ग राहत नाही. अपवाद एकच केला. जगाला उघडं असलेलं दार त्याच दिवशी लावलं. ते रात्रभर उघडं ठेवून नीट नोंद घेत बसणं मला मान्य नव्हतं.

दारांचीच एक गोष्ट सांगते. प्रत्येक संगणकापुढे एक पहारेकरी असतो आणि त्याच्याकडे परवानगीची यादी. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला कोणत्या दारानं आत सोडायचं, अशी. ती यादी फायलीत लिहिली की तीच अंतिम. यादीत नसलेली परवानगी साधन काढून टाकतं. डेटाबेसच्या यादीत एक परवानगी अशी होती, की एका ठरावीक पत्त्यावरून येणाऱ्याला थेट डेटाबेसच्या ३३०६ क्रमांकाच्या दारानं सोडा. परवानगीला वर्णन लिहायची सोय असते. ते रिकामं होतं. कार्यालयात विचारलं, कोणाला माहीत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं बघितलं तर ती परवानगी डोळे मिटून काढावी अशीच होती.

आम्ही काढली नाही. आहे तशी लिहिली आणि येण्याजाण्याची नोंद चालू करून आठवडाभर पाहिलं. रोज पहाटे चारच्या सुमाराला त्या पत्त्यावरून कोणीतरी यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि जायचं. शोधत शोधत एका शीतकरण केंद्राचा पत्ता निघाला. तिथे कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम होता. तो आदल्या दिवसाचं गावनिहाय दूध ओढून घ्यायचा आणि टँकरच्या फेऱ्यांचा कागद छापायचा. तिथल्या कारकुनांना फोन केला तर ते म्हणाले, “मॅडम, तो कागद निघाला नाही तर ड्रायव्हर मला उठवायला घरी येतात.” एवढी ओळख एका वर्णन नसलेल्या परवानगीची. आता फायलीत त्या ओळीच्या वर लिहिलंय, की टँकर फेऱ्यांचा कागद, पहाटे चार, अमुक केंद्र. नंतर सहा महिन्यांनी ती थेट वाट बंद करून त्यांना दुसरी सुरक्षित वाट करून दिली. पण ती दुरुस्ती होती, नोंद नव्हे.

सगळंच इम्पोर्ट करायचं नसतं, हेही सांगायला हवं. आमच्या क्षेत्रातले उत्साही लोक दिसेल ते ओढून आणतात. पावती घेणारे चार संगणक होते, त्यांच्यात साठवलेलं काहीच नव्हतं. ते इम्पोर्ट करण्यात आम्ही वेळ घालवला नाही. फायलीतून नवे चार शेजारी उभे केले, काम हळूहळू तिकडे वळवलं आणि जुने बंद केले. ओढून आणायचं ते, जे पुन्हा बनवता येत नाही. डेटाबेस हा त्यातला पहिला. दुसरा, लोकांना पाठ असलेला पत्ता. गावोगावच्या मशीनमध्ये मुख्य संगणकाचा एक ठरावीक पत्ता टाकलेला होता. तो पत्ता भाड्याचाच असतो, सोडला की परत मिळेल याची खात्री नाही. गेला असता तर प्रत्येक गावात माणूस पाठवावा लागला असता. तिसरं म्हणजे फायली ठेवायच्या जागेचं नाव. ॲमेझॉनच्या त्या सेवेत असं नाव जगभरात एकाच ग्राहकाकडे असतं. तुम्ही जागा मोडली तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

आणि एक वस्तू दोघांच्या रजिस्टरमध्ये घ्यायची नाही. एकाच मुलाचं नाव दोन शाळांच्या पटावर असलं की काय होतं ते सरांना माहीत आहे. आमच्याकडे दोन गटांनी एकच परवानगीची यादी आपापल्या फायलीत घेतली, तर एक गट सकाळी ओळ घालतो आणि दुसऱ्याचं साधन दुपारी ती काढतं. दोघंही प्रामाणिक असतात.

आता ‘टेस्ट-दोन’. हे एका संगणकाचं नाव. यादी काढताना सगळ्यांची नजर त्यावर गेली, कारण चांगला मोठा होता, महिन्याचं भाडं जाणवण्याइतकं, आणि आलेखावर त्याची हालचाल बघावी तर जमिनीवर आडवी रेघ. नावातच टेस्ट. हिशेब बघणारे व्यवस्थापक म्हणाले, आजच बंद करा, निदान एक तरी फायदा दाखवता येईल. रास्त होतं. आम्ही बघत होतो तो आलेख दोन आठवड्यांचा होता. ॲमेझॉन असे आकडे पंधरा महिने ठेवतं. पूर्ण पंधरा महिन्यांचा आलेख उघडला तर आडव्या रेघेत एका ठिकाणी, ऑक्टोबरात, टेकडीसारखा उंचवटा. चार दिवस, रात्रंदिवस काम. मग पुन्हा आडवी रेघ.

ऑक्टोबर म्हटल्यावर इथे बसलेल्या किती जणांच्या लक्षात आलं? (मागच्या रांगेतून दोन-तीन आवाज आले, “फरक!”) बरोबर. दिवाळीचं फरक बिल. वर्षभराच्या दुधावरचा फरक काढायला प्रत्येक सभासदाची वर्षभरातली प्रत्येक पावती पुन्हा मोजावी लागते. नेहमीच्या संगणकावर ते करायला गेलं तर दहा दिवसांचं चालू बिल अडतं. म्हणून त्या पहिल्या माणसानं त्याच्यासाठी वेगळा संगणक ठेवला होता. पहिल्या वर्षी करून बघायला घेतला म्हणून नाव टेस्ट, दुसऱ्यांदा घेतला म्हणून दोन. पुढे तेच नाव राहिलं. संस्थेतले जुने अकाउंटंट काका एवढं एकच वाक्य बोलले, “त्याला हात लावू नका, दिवाळी आहे त्याच्यात.” त्यांना टेराफॉर्म माहीत नाही, क्लाउड माहीत नाही. यंत्रणेचं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र मात्र त्यांच्याकडे होतं. आम्ही तो संगणक नोंदवला, वर तीन ओळींचं कारण लिहिलं, आणि पुढच्या पायरीत तो फक्त त्या दिवसांपुरता चालू राहील असं केलं. भाडंही वाचलं, व्यवस्थापकही खूश.

परदेशी गेलेल्या त्या पहिल्या माणसाशी मी स्वतः बोलले. आधी तो जरा सावध होता, कोणी दोष द्यायला फोन केलाय असं वाटलं असावं. मी सांगितलं, की तुमची डेटाबेसची रचना आम्ही एका अक्षरानं बदललेली नाही. मग मोकळा झाला. पाच रविवार त्यानं तासभर दिला. आम्ही फायली दाखवत गेलो, तो ‘हे यासाठी, ते त्यासाठी’ सांगत गेला. शेवटच्या रविवारी त्यानं विचारलं, की फायलीत दोन ओळी मी स्वतः लिहू का? लिहिल्या. आता त्याचं नावही त्या इतिहासात आहे, जिथे आधीच असायला हवं होतं.

नोंद पूर्ण झाली की काम संपत नाही. सवय मोडायला वेळ लागतो. रात्री दोन वाजता काही अडलं की माणूस कन्सोल उघडतो आणि बटण दाबतो. मग फाईल एक सांगते, प्रत्यक्ष वेगळंच असतं, आणि पुढच्या वेळी साधन रात्रीची ती दुरुस्ती निमूटपणे पुसून टाकायला निघतं. आम्ही बहुतेकांना कन्सोलवर फक्त बघायची परवानगी ठेवली, बदलायची नाही. यावरून थोडी नाराजी झाली. अगदी अडचणीसाठी एक किल्ली ठेवली आहे. ती कोणी वापरली की सगळ्यांना निरोप जातो, आणि सकाळी पहिलं काम म्हणजे ते फायलीत लिहायचं. रोज पहाटे, संकलन सुरू व्हायच्या आधी, पटपडताळणी आपोआप होते. शिवाय ते रजिस्टर, स्टेट फाईल, जपून ठेवावं लागतं. त्यात पासवर्डसुद्धा उघड अक्षरांत पडलेले असू शकतात. आणि दोन जणांनी एकाच वेळी त्यात लिहू नये म्हणून त्याला कुलूप.

साधनंही काही कायमची नसतात. २०२३च्या ऑगस्टमध्ये टेराफॉर्मच्या कंपनीनं परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा नाराज झालेल्यांनी त्याच्या आधीच्या रूपावरून ‘ओपनटोफू’ हा वेगळा फाटा काढला. आमच्या फायली दोन्हीकडे चालतात. त्यामुळे मी त्या भांडणात पडले नाही.

तीनशेच्या आसपास नोंदी झाल्या. एक परवानगी अजून अशी उरली आहे, की जिचं कारण ना त्या माणसाला आठवत, ना अकाउंटंट काकांना. वर्षभरात त्या दारानं कोणी आलेलंही नाही. ती ओळ फायलीत ठेवली आहे, वर लिहिलंय, की कोणाकोणाला कोणत्या तारखेला विचारलं. येत्या दिवाळीचं फरक बिल नीट पार पडलं की काढणार आहोत.

मी पाच मिनिटं जास्त घेतली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. मराठीच्या बाईंना किती कळलं ते जेवताना विचारीन.